पहिल्या दिवसाचा मान

फ्रान्सची सायकल शर्यत फ्रान्समधूनच सुटली पाहिजे, असा काही नियम नाही. १९०३ साली पॅरिसजवळच्या मोंजेराँ या गावातून निघालेली 'टूर डी फ्रान्स' १९५४ मध्ये पहिल्यांदा परक्या भूमीवरून, ॲमस्टरडॅमहून निघाली. त्यानंतर कधी ब्रसेल्स, कधी कोलोन, कधी पश्चिम बर्लिन, डब्लिन, लंडन असे होता होता हा प्रकार इतका अंगवळणी पडला की २०२२ ते २०२४ अशी लागोपाठ तीन वर्षे ही शर्यत कोपनहेगन, बिल्बाओ आणि फ्लॉरेन्स येथून सुटली. २०२५ मध्ये ती फ्रान्समधल्याच लील शहरातून निघाली, तर 'शर्यत घरी परतली' याचीच बातमी झाली. २०२६ साठी बार्सिलोना आणि २०२७ साठी स्कॉटलंडमधील एडिनबरो ही नावे कितीतरी आधी ठरून गेली. या पहिल्या दिवसाच्या मानासाठी परदेशातली शहरे वर्षानुवर्षे अर्ज करतात, शिष्टमंडळे पाठवतात आणि काही दशलक्ष युरो मोजतात.

धाराशिवमध्ये बसून युरोपातल्या सायकलींची ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. आमच्या जिल्ह्याचा सायकलशी संबंध येतो तो मुख्यतः मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना मिळणाऱ्या सायकलींपुरता. शर्यतीची सायकल, जिची किंमत एखाद्या मोटारीच्या किमतीला भिडते, ती इथल्या रस्त्यावर क्वचितच दिसते. पण यजमानपद म्हणजे काय, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या. आणि जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात जागतिक सायकल संघटनेच्या वेळापत्रकातली पाच दिवसांची, ४३७ किलोमीटरची शर्यत झाली. 'मग एखादा टप्पा आमच्याकडे का नको?' हा प्रश्न आज ना उद्या मराठवाड्यात निघणारच. तो निघण्यापूर्वी हा व्यवहार समजून घेतलेला बरा.

सायकल शर्यतीचे अर्थकारण क्रिकेटसारखे नाही. तिथे मैदान नाही, कुंपण नाही, त्यामुळे तिकीट नाही. लोक रस्त्याच्या कडेला सकाळपासून खुर्च्या टाकून बसतात, शर्यतीपुढे धावणाऱ्या जाहिरातीच्या गाड्यांवरून फेकल्या जाणाऱ्या टोप्या आणि बिस्किटांचे पुडे झेलतात आणि मग दीडशे-पावणेदोनशे सायकलपटू अर्ध्या मिनिटात समोरून निघून जातात. प्रेक्षक एक पैसा देत नाही. मग शर्यतीचा मालक जगतो कशावर? दूरदर्शनच्या प्रक्षेपणहक्कांवर, जाहिरातदारांवर आणि ज्या गावांतून शर्यत सुटते व जिथे संपते त्या गावांच्या वर्गणीवर. या शर्यतीला मालक आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. ती फ्रान्सच्या सरकारची नाही. एका फ्रेंच कुटुंबाच्या खासगी कंपनीची आहे आणि तिच्याच समूहात 'लेकीप' हे क्रीडा दैनिक आहे. मुळात ही शर्यत काढली तीच एका वर्तमानपत्राने, खप वाढावा म्हणून. ते वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर निघे. आघाडीवीराच्या अंगातल्या जगप्रसिद्ध पिवळ्या जर्सीचा रंग तिथूनच आल्याचे सांगतात.

आपल्याकडे मुक्कामाचा मान असतो, बोली नसते. शेगावची पालखी पंढरीला जाताना आमच्या जिल्ह्यातून जाते तेव्हा कोणत्या गावी दुपारचा विसावा आणि कुठे रात्रीचा मुक्काम हे परंपरेने ठरलेले असते. तुळजाभवानीच्या दसऱ्याला पालखी बुऱ्हाणनगरहून येते आणि पलंग घोडेगावहून. त्या गावांनी त्यासाठी कधी निविदा भरल्याचे ऐकिवात नाही. फ्रेंच कंपनीने हाच मान बाजारात आणला. दरवर्षी दोनशेहून अधिक गावे टप्प्यासाठी अर्ज करतात. त्यांतल्या मूठभरांना होकार मिळतो. पहिल्या दिवसाची किंमत अर्थातच सर्वांत जास्त, कारण शर्यतीआधीचे चार-पाच दिवस सगळे संघ, पत्रकार आणि कॅमेरे त्याच शहरात तळ ठोकून असतात. शिवाय परदेशी शहर घासाघीस कमी करते. लग्नात वरपक्षाचा तोरा कसा असतो ते आपण जाणतोच. इथे वऱ्हाड दोन-तीन दिवस राहून पुढच्या गावाला जाते आणि मांडवाचे बिल वधुपित्याच्या हातात राहते.

शहरे हा मान मागतात त्यामागची कारणे मात्र नाना परीची. १९८७ मध्ये पश्चिम बर्लिनला आपल्या शहराची ७५० वर्षे साजरी करायची होती. भिंत उभी होती, सभोवार पूर्व जर्मनी. सुरुवातीचे टप्पे त्या कोंडलेल्या शहरात झाले आणि नंतर सारा लवाजमा पश्चिम जर्मनीत हलवावा लागला. लंडनची शर्यत ७ जुलै २००७ रोजी सुटली, बरोबर दोन वर्षांपूर्वीच्या बॉम्बस्फोटांच्या तारखेला. फ्लॉरेन्सने २०२४ मध्ये, इटलीच्या बोत्तेक्कियाने ही शर्यत पहिल्यांदा जिंकली त्याची शंभर वर्षे मांडली. पण मला सर्वांत आवडते ते १९७४ चे प्लिमथ. ती सुरुवात नव्हती, मधला एक टप्पा होता. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या शेतकऱ्यांनी आपला फ्लॉवर आणि इतर भाजीपाला इंग्लंडला पाठवण्यासाठी स्वतःची बोट सेवा सुरू केली होती. तिचा गाजावाजा व्हावा म्हणून शर्यत समुद्रापलीकडे नेली गेली. वाहतुकीला अजून न उघडलेल्या एका वळणरस्त्यावर बिचारे सायकलपटू दिवसभर येरझारा घालत होते. खेळ म्हणून तो टप्पा कंटाळवाणाच झाला, पण त्यातला हिशेब स्वच्छ होता: बोट आमची, माल आमचा, जाहिरात आमची.

हिशेबाचा विषय निघालाच आहे. बँकेत प्रकल्प अहवाल वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्यांतली एक गोष्ट कधी बदलली नाही. खर्चाचा आकडा कोटेशनवरून आलेला असे आणि उत्पन्नाचा आकडा अर्जदाराच्या उमेदीवरून. यजमान शहरांचे अहवाल याच जातीचे असतात. 'एक रुपया घाला, चार मिळतील' असे त्यांत लिहिलेले असते. त्यावर पहिला प्रश्न हा, की हे चार रुपये नवे आले की जागा बदलून बसले? कळंबच्या कुटुंबाने धाराशिवच्या मांडवात दोनशे रुपये खर्च केले, तर जिल्ह्यात दोनशे रुपये वाढले नाहीत. ते कळंबच्या दुकानातून उठून धाराशिवच्या स्टॉलवर आले. तुळजापूरचे लॉज नवरात्रात भरलेलेच असतात. त्या आठवड्यात तिथे शर्यत आणली तर खोल्या वाढत नाहीत, फक्त पाहुणा बदलतो, आणि येणारा भाविक परत फिरतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड. पैसे घालतो कोण आणि मिळतात कोणाला? कर्ज देताना आम्ही पाहायचो की ज्याच्या सहीने पैसे उचलले त्याच्याच खात्यात वसुली येणार आहे ना. इथे पैसे घालते नगरपालिका आणि फायदा होतो हॉटेलवाल्याला, मंडपवाल्याला, पेयांच्या कंपनीला. नगरपालिकेकडे त्यातले परत येते ते कराच्या रूपाने, थेंबाथेंबाने. म्हणजे अहवालातला नफा खरा धरला तरी तो खर्च करणाराचा नफा नसतो.

या दृष्टीने २०१४ ची यॉर्कशरची कथा सविस्तर पाहण्यासारखी आहे. त्या वर्षीच्या सुरुवातीसाठी एडिनबरो आणि फ्लॉरेन्स ही नावाजलेली शहरे रिंगणात होती. उत्तर इंग्लंडमधले लीड्स हे जुने गिरण्यांचे शहर, त्याच्या मागे यॉर्कशर परगण्याची एक पर्यटन संस्था. डिसेंबर २०१२ मध्ये निकाल लागला आणि लीड्स जिंकले. पुढे जे झाले ते खरोखर देखणे होते. गावोगावच्या लोकांनी जुन्या सायकली पिवळ्या रंगवून भिंतींवर, कुंपणांवर, दुकानांच्या दारांवर टांगल्या. कोणी आपल्या मेंढ्यासुद्धा पिवळ्या रंगवल्या. ५ जुलैला शर्यत सुटली तेव्हा टेकड्यांवर माणूस मावत नव्हता. घरचा लाडका धावपटू मार्क कॅव्हेंडिश पहिला टप्पा जिंकणार म्हणून सारे डोळे लावून बसले होते. हॅरोगेट हे त्याच्या आईचे गाव. तिथे, शेवटच्या काही मीटरांत तो पडला, खांद्याला दुखापत झाली आणि दुसऱ्या दिवशी तो शर्यतीबाहेर होता. पण त्याने उत्सवाचा रंग उतरला नाही.

ब्रिटनमधल्या तीन टप्प्यांचा सार्वजनिक खर्च २ कोटी ७० लाख पौंडांच्या आसपास गेला. आयोजकांच्या अहवालात यजमान भागांना १२ कोटी ८० लाख पौंडांचा लाभ झाल्याचे म्हटले होते. मी वर विचारलेले दोन्ही प्रश्न या आकड्याला विचारता येतात. पण खरी परीक्षा पुढे होती. त्या पुण्याईवर २०१५ पासून यॉर्कशरची स्वतःची शर्यत सुरू झाली. ती २०१९ पर्यंत चालली. मग महासाथ आली, शर्यत रद्द झाली, ती पुन्हा उभी राहिली नाही. दरम्यान त्या पर्यटन संस्थेच्या खर्चावर प्रश्न उठले, आणि २०२२ मध्ये संस्था दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दहा वर्षांपूर्वी जिने जगातली नामांकित शहरे मागे टाकली होती ती संस्थाच उरली नाही. हरलेल्या फ्लॉरेन्सला २०२४ साल मिळाले, एडिनबरोला २०२७. लीड्सचेही नाव पुन्हा आले आहे, ते २०२७ च्या महिलांच्या शर्यतीची सुरुवात म्हणून. मला वाटते ते अधिक शहाणपणाचे आहे. महिलांच्या शर्यतीचे दिवस अजून वाढीचे आहेत, आणि मुली रस्त्याच्या कडेला उभ्या राहून जे पाहतील ते त्यांना स्वतःलाही करता येण्यासारखे वाटेल.

जर्मनीत ड्युसेलडॉर्फने २०१७ ची सुरुवात घेतली ती नगरसभेत अवघ्या एका मताच्या फरकाने. पुढे खर्च दीड कोटी युरोच्या घरात गेला आणि काही दशलक्षांचा भार पालिकेवर राहिला. तरीही मी त्या शहराला दाद देतो. निदान मतदान झाले, कोण कोणत्या बाजूला होता हे नोंदले गेले, हिशेब चव्हाट्यावर आला. आपल्याकडे स्वागत समितीचा हिशेब मागणारा माणूस कार्याला अपशकुन करणारा ठरतो.

शिवाय यजमानाच्या हातात नसलेल्या गोष्टी असतातच. डब्लिनला जुलै १९९८ मध्ये सुरुवात व्हायची होती; तीन दिवस आधी फ्रान्सच्या सीमेवर एका संघाची गाडी उत्तेजक द्रव्यांसह पकडली गेली आणि जगाच्या लक्षात डब्लिन राहिलेच नाही, राहिला तो घोटाळा. कोपनहेगनचे वर्ष ठरले होते २०२१. महासाथीमुळे युरोपची फुटबॉल स्पर्धा त्याच दिवसांवर आली आणि सायकलींना वर्षभर थांबावे लागले. इटलीची शर्यत २०१८ मध्ये जेरुसलेममधून सुटली तेव्हा आयोजकांच्या कागदावर 'पश्चिम जेरुसलेम' असे छापले गेले. त्या एका विशेषणावरून इस्रायलच्या मंत्र्यांनी पैसे काढून घेण्याची भाषा केली आणि विशेषण गळाले. स्पेनची शर्यत २०२५ मध्ये इटलीतल्या तोरिनोहून थाटात सुटली. पण माद्रिदमधला तिचा शेवटचा टप्पा पॅलेस्टाइनच्या बाजूने रस्त्यावर उतरलेल्या निदर्शकांमुळे अर्ध्यात थांबवावा लागला. खेळाला राजकारणापासून दूर ठेवा म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की ज्या कार्यक्रमासाठी सरकारी तिजोरी उघडते तिथे राजकारण आमंत्रणाशिवायही येते.

एवढे सगळे सांगून मी यजमानपदाच्या विरुद्ध आहे असे मात्र नाही. कोपनहेगनचेच पाहा. १ जुलै २०२२ रोजी शर्यत सुटली तेव्हा तिथे पाऊस पडत होता आणि तरी रस्ते माणसांनी फुलले होते. त्या शहरात सायकल ही रोजची गोष्ट आहे. मंत्री, मास्तर, आई आणि तिची दोन मुले सगळे तिच्यावरून जातात. शहराने जगाला जे दाखवले ते रोजचे होते, पाहुण्यांसाठी पेटीतून काढलेले नव्हते. त्यात योगायोग असा की त्या वर्षीची शर्यत जिंकलीही डेन्मार्कच्या योनास विंगेगोरने. अशा ठिकाणी पैसे परत आले की नाही, हा प्रश्न विचारावा जरूर, पण त्याचे उत्तर 'नाही' आले म्हणून काही बिघडत नाही. घरातल्या मंगलकार्याचा परतावा कोणी काढत नाही. माझी हरकत आहे ती हौशीला गुंतवणुकीचे नाव देण्याला. हौस म्हणून मागा, हौस म्हणून मंजूर करा, आणि पालिकेला झेपेल तेवढीच करा.

पुण्याने जानेवारी २०२६ मध्ये वेगळा मार्ग धरला. दुसऱ्याच्या शर्यतीचा एक दिवस विकत घेण्याऐवजी जिल्हा प्रशासनाने पुढाकार घेऊन स्वतःची शर्यत उभी केली. दर्जा अगदी वरचा नव्हे. जागतिक संघटनेच्या प्रतवारीत ती खालच्या पायरीवर आहे. पण जमीन स्वतःच्या नावावर आहे, कुळ म्हणून राबणे नाही. हे मला पटते. मुंबई-पुणे सायकल शर्यत आणि बोरघाटात 'घाटाचा राजा' ठरवण्याची रीत ज्या भागाची, त्याने हे करावे हेही योग्यच. तरी एक बोच राहते. पुणे हे कधीकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आज तिथे शाळकरी पोराला सायकलवर एकटे सोडायला आईचा जीव धजत नाही. शर्यतीसाठी जे रस्ते महिन्यांत गुळगुळीत झाले ते एरवी वर्षानुवर्षे का होत नाहीत, हा पुणेकरांचा प्रश्न कुजका म्हणून सोडून देता येणार नाही.

आता आमच्याबद्दल. साहित्य संमेलनाचा व्यवहार पहिल्या दिवसाच्या मानासारखाच आहे. गावे निमंत्रणे पाठवतात, महामंडळाची समिती येऊन जागा, निवास, भोजन पाहून जाते, मग एका गावाला होकार आणि बाकीच्यांना पुढच्या वर्षाची आशा. संमेलनेही परराज्यांत आणि परदेशांत गेली. २०१५ मध्ये संत नामदेवांच्या नात्याने पंजाबातल्या घुमानला, २०१८ मध्ये बडोद्याला, २०२५ मध्ये दिल्लीला. विश्व संमेलने सॅन होजे, दुबई, सिंगापूर इथे झाली आणि २०१२ चे टोरांटोचे बारगळले. उस्मानाबादलाही बरीच वर्षे वाट पाहावी लागली होती. दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा, नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित ठरवलेला जिल्हा. शहराची वस्ती लाखाच्या थोडी वर. इथे एवढे मोठे कार्य पेलेल का, अशी शंका बाहेरच्यांना होती, आणि खरे सांगायचे तर आमच्यातही होती.

ते पेलले. १० ते १२ जानेवारी २०२० असे तीन दिवस तेरच्या गोरोबाकाकांच्या नावाच्या नगरीत माणसांची रीघ होती. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, उद्घाटक ना. धों. महानोर, दोघेही आज नाहीत. दिब्रिटोंच्या निवडीवर, ते ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून, विरोधाचे सूर निघाले होते, धमक्यांचे फोन आल्याच्या बातम्या होत्या. वसईचा हा मराठी लेखक पाठदुखीने हैराण अवस्थेत इथे आला आणि या गावाने त्यांचे भाषण शांतपणे ऐकले. संमेलनाने जिल्ह्याचे उत्पन्न किती वाढले हे मला कोणी विचारले तर मी हात जोडीन. पण आपण कोण आहोत हे एका गावाने तीन दिवस सर्वांना दाखवले आणि ते दाखवलेले खोटे नव्हते. गोरोबाकाकांच्या मुलखाला ते नवीनही नव्हते.

नोव्हेंबर २०२३ च्या कुस्त्यांची गोष्ट वेगळी. मैदान गच्च भरले, शिवराज राक्षेने किताब जिंकला, जिल्ह्यातल्या पोरांना मोठे मल्ल जवळून पाहायला मिळाले. गंमत अशी की त्याच महिन्यात पुण्याजवळ फुलगावला दुसऱ्या गटाने भरवलेली महाराष्ट्र केसरीही झाली आणि तिथे सिकंदर शेखने गदा उचलली. एकाच जमिनीचे दोन सातबारे! यजमानाने मान विकत घेताना विकणाऱ्याचा मालकीहक्क तपासावा, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

उद्या सायकल शर्यतीचा प्रस्ताव धाराशिवपर्यंत आला तर तो देखणा असणार यात शंका नाही. तुळजापूरचा घाट आहे, बालाघाटाचे चढउतार आहेत, येडशीजवळ रामलिंगचे जंगल आहे. प्रस्तावात पर्यटनवाढीचे आकडे असतील, रोजगाराचे असतील, रंगीत नकाशा असेल. मला त्याच्या पहिल्या पानावर एकच गोष्ट वाचायची आहे. पाहुणे गेल्यानंतर कोणत्या गावांमधला किती किलोमीटरचा रस्ता असा राहील, की सरकारी सायकल मिळालेली आठवीतली मुलगी त्यावरून ट्रकची भीती न बाळगता शाळेला जाईल. हेलिकॉप्टरमधून नळदुर्गचा पाणीमहाल कसा दिसेल, ते दुसऱ्या पानावर असले तरी चालेल.